सबब



मराठीत आपण रोज उच्चारतो असा एक शब्द अरबीतून फारसीच्या वाटेने आपल्याकडे आला आहे. तो शब्द म्हणजे 'सबब'. अरबीत त्याचा एक जुना अर्थ दोर असा आहे. ज्याच्या आधाराने माणूस इच्छित स्थळी पोहोचतो तो दोर. त्यावरून साधन, आणि पुढे कारण असेही अर्थ रूढ झाले. दिव्य कुरआनात सूरह कहफमध्ये जुलकरनैन यांना अल्लाहने जी साधने दिली होती त्यांचा उल्लेख याच शब्दाने झाला आहे (१८:८४). मराठीच्या जुन्या कागदपत्रांत आणि अर्ज-विनंत्यांत 'सबब' म्हणजे 'म्हणून', 'या कारणाने'. परंतु घरात, शाळेत, कचेरीत हा शब्द आपण ज्या अर्थाने वापरतो तो अगदी वेगळा आहे. 'सबबी सांगू नकोस,' असे आई मुलाला म्हणते, तेव्हा तिला कारण नको असते असे नाही. समोर येत आहे ते कारण नाही, हे तिने ओळखलेले असते.

मदरशात हा शब्द मी कारण म्हणून शिकलो आणि पुढे मराठीच्या अभ्यासात तो बहाणा म्हणून भेटला. तेव्हा वाटले, ही भाषेची गंमत आहे. आज वाटते की हे माणसाच्या मनाचे वर्णन आहे. वर चढण्यासाठी दिलेल्या दोरावरूनच आपण मागच्या बाजूने खाली उतरतो.

या लेखात एका अशा माणसाची हकीकत सांगायची आहे की ज्याच्याकडे उत्तम सबब रचण्याची पूर्ण क्षमता होती आणि ज्याने ती रचली नाही. त्यानंतर, संकोच वाटत असला तरी, माझी स्वतःची एक सबबही सांगायची आहे.

तबूकची हाक

हजरत कअब बिन मालिक (रजि.) हे मदीनेतील अन्सारांपैकी बनू सलिमा या घराण्याचे. प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या काळात ज्या तीन कवींनी आपल्या वाणीने इस्लामची बाजू मांडली, त्यांत हजरत हस्सान बिन साबित (रजि.) आणि हजरत अब्दुल्लाह बिन रवाहा (रजि.) यांच्याबरोबर त्यांचे नाव घेतले जाते. हिजरतीपूर्वी अकबा येथे रात्रीच्या अंधारात ज्यांनी प्रेषितांना (स.) साथ देण्याचे वचन दिले, त्यांतही ते होते. म्हणजे हा माणूस दोन्ही अर्थांनी शब्दाचा होता. शब्द रचणारा, आणि शब्द दिलेला.

हिजरी सन ९ म्हणजे इ.स. ६३० मध्ये तबूकच्या मोहिमेची हाक आली. तबूक मदीनेच्या उत्तरेला, शेकडो किलोमीटरवर. उन्हाळा कडक, वाट वाळवंटातली, आणि समोर रोमन साम्राज्याचे भय. एरवी प्रेषित (स.) मोहिमेचे ठिकाण आधी उघड करीत नसत, या वेळी मात्र लोकांना नीट तयारी करता यावी म्हणून त्यांनी ते स्पष्ट सांगितले. दिवस खजुरी पिकण्याचे होते आणि बागांची सावली हवीहवीशी वाटत होती.

हजरत कअब (रजि.) यांनी पुढे वृद्धपणी, दृष्टी गेल्यावर, ही सारी हकीकत आपल्या मुलाला, अब्दुल्लाह यांना सांगितली. तेच वडिलांचा हात धरून त्यांना नेत-आणत असत. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत ती सविस्तर आली आहे. तिचा आरंभ पाहण्यासारखा आहे. त्या वेळी मी जितका सशक्त आणि संपन्न होतो तितका पूर्वी कधीच नव्हतो, एका वेळी दोन उंटिणी माझ्याकडे यापूर्वी कधी नव्हत्या, असे ते सुरुवातीलाच सांगून टाकतात. ज्या गोष्टी सबब म्हणून उपयोगी पडल्या असत्या, त्या सर्व ते स्वतःच्या हाताने प्रथम बाजूला सारतात.

उद्या

मग घडले काय? काहीच नाही. हजरत कअब (रजि.) यांनी न जाण्याचा निर्णय कधीच घेतला नाही. ते रोज सकाळी तयारीसाठी बाहेर पडत आणि काहीही न करता परत येत. मनाला सांगत, मनात येईल तेव्हा हे करता येईल. सैन्य निघाले, तेव्हा वाटले, एक-दोन दिवसांत तयारी करून त्यांना गाठू. दुसरा दिवस तसाच गेला, तिसराही तसाच. सैन्य दूर निघून गेले. तेव्हाही निघावे असे मनात आले होते. तसे केले असते तर किती बरे झाले असते, असे ते म्हणतात.

वाचकहो, यात नकार कुठेच नाही. बहुतेक पापे माणूस नकार देऊन करीत नाही. होकार पुढे ढकलून करतो. नमाज सुरू करायची आहे, कर्ज फेडायचे आहे, बहिणीचा वारसाहक्क द्यायचा आहे, रुसलेल्या भावाकडे जायचे आहे. यांपैकी कशालाही आपण 'नाही' म्हटलेले नसते. आपण 'उद्या' म्हटलेले असते, आणि त्या एका शब्दामुळे आपण स्वतःच्या नजरेत सज्जन राहतो.

हजरत कअब (रजि.) यांना आपली जागा कशामुळे कळली? ते मदीनेच्या रस्त्यांवरून फिरू लागले, तेव्हा त्यांना मागे राहिलेले लोक दिसले. एक तर ज्यांच्यावर दांभिकतेचा संशय होता असे, किंवा ज्यांना अल्लाहने दुर्बलतेमुळे मुभा दिली होती असे. आपण यांपैकी कोणात उभे आहोत, हे पाहून त्यांना दुःख झाले.

इकडे तबूकला प्रेषितांनी (स.) त्यांची चौकशी केली. बनू सलिमापैकीच एकाने शेरा मारला की त्याला त्याच्या दोन वस्त्रांनी आणि स्वतःकडे पाहत बसण्याने अडवले असेल. हजरत मुआज बिन जबल (रजि.) यांनी त्याला तिथेच खडसावले: बोललास ते वाईट बोललास, कअबविषयी आम्हाला चांगल्याशिवाय दुसरे काही ठाऊक नाही. एका गैरहजर माणसाबद्दल दोन वाक्ये बोलली गेली. शेरा मारणाऱ्याचे नावही या हकीकतीत नाही, हजरत मुआज (रजि.) यांचे नाव मात्र प्रत्येक सांगणाऱ्याच्या ओठी आहे.

ऐंशी शपथा आणि एक उत्तर

प्रेषित (स.) परत येत असल्याची वार्ता आली, तेव्हा हजरत कअब (रजि.) यांच्या मनात सबबींची जुळणी सुरू झाली. घरातल्या जाणत्यांचा सल्लाही त्यांनी घेतला. हेही त्यांनी लपवलेले नाही. पण प्रेषित (स.) अगदी जवळ आल्याचे कळताच मनातले सारे असत्य गळून पडले आणि त्यांनी खरे सांगण्याचा निश्चय केला.

प्रेषित (स.) प्रथम मशिदीत गेले, दोन रकअत नमाज अदा केली आणि लोकांसाठी बसले. मागे राहिलेले ऐंशीहून काहीसे अधिक लोक पुढे आले, सबबी सांगू लागले, शपथा घेऊ लागले. प्रेषितांनी (स.) त्यांचे बोलणे वरवर मान्य केले, त्यांच्यासाठी क्षमायाचना केली आणि त्यांच्या अंतःकरणाचा न्याय अल्लाहवर सोपवला.

मग हजरत कअब (रजि.) यांनी सलाम केला. प्रेषितांच्या (स.) चेहऱ्यावर स्मित होते, परंतु ते रागावलेल्या माणसाचे स्मित होते. विचारले, तुला कशाने मागे ठेवले, वाहन तर तू घेतले होतेस ना? तेव्हा या कवीने जे उत्तर दिले त्याचा आशय असा: या जगातील दुसऱ्या कोणासमोर बसलो असतो, तर काहीतरी सांगून त्याच्या रागातून सुटलो असतो, कारण मला बोलण्याची कला लाभली आहे. पण आज खोटे बोलून आपल्याला राजी केले, तरी अल्लाह लवकरच आपल्याला माझ्यावर नाराज करील. आणि खरे बोललो, तर आपण आज रागवाल, परंतु मला अल्लाहच्या क्षमेची आशा राहील. मला काहीही कारण नव्हते.

यावर प्रेषितांनी (स.) सांगितले की हा खरे बोलला आहे, आणि अल्लाहचा निर्णय येईपर्यंत त्यांना उठून जाण्यास सांगितले.

ते बाहेर पडताच नातलग मागोमाग आले आणि दोष देऊ लागले. इतरांसारखी एखादी सबब सांगता आली नाही का? प्रेषितांची (स.) क्षमायाचना तुला पुरेशी झाली असती! त्यांनी इतका आग्रह केला की, परत जाऊन आपलेच बोलणे खोटे ठरवावे, असे क्षणभर त्यांच्या मनात आले. खोटे बोलायला माणूस एकटा क्वचितच जातो. त्याला तिकडे ढकलणारे बहुधा त्याचे हितचिंतकच असतात. अखेर आपल्यासारखे उत्तर देणारे आणखी दोघे आहेत, मुरारा बिन रबी (रजि.) आणि हिलाल बिन उमय्या (रजि.), हे कळल्यावर त्यांचे पाऊल स्थिर झाले. खरे बोलणाऱ्याला गर्दी लागत नाही; एक-दोन सोबती पुरतात.

पन्नास रात्री

त्यानंतर प्रेषितांनी (स.) या तिघांशी बोलण्यास लोकांना मनाई केली. बाकीचे दोघे घरात बसून रडत राहिले. हजरत कअब (रजि.) त्यांच्यात तरुण होते, ते नमाजला येत, बाजारात हिंडत, पण कोणी बोलत नसे. नमाजनंतर ते प्रेषितांना (स.) सलाम करीत आणि उत्तरादाखल त्यांचे ओठ हलले की नाही, हे मनाशी विचारीत राहत. जवळच नमाजला उभे राहून ते चोरून पाहत. ते नमाजमध्ये मग्न झाले की प्रेषित (स.) त्यांच्याकडे पाहत, आणि त्यांनी नजर वळवली की प्रेषित (स.) तोंड फिरवीत. शिक्षा चालू होती आणि नजरही होती.

एके दिवशी ते आपल्या चुलतभावाच्या, हजरत अबू कतादा (रजि.) यांच्या बागेची भिंत चढून आत गेले. हा त्यांना सर्वांत प्रिय माणूस. सलामला उत्तर मिळाले नाही. अल्लाहला साक्षी ठेवून त्यांनी विचारले, माझे अल्लाहवर आणि त्याच्या प्रेषितांवर प्रेम आहे हे तुला ठाऊक नाही का? शांतता. पुन्हा विचारले, शांतता. तिसऱ्यांदा उत्तर आले, ते इतकेच की अल्लाह आणि त्याचे प्रेषित अधिक जाणतात. त्यांचे डोळे भरून आले आणि ते भिंत चढून परत निघाले.

येथे थोडे थांबून एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. आपल्याकडे काही ठिकाणी जमातीचे पुढारी एखाद्या कुटुंबाशी बोलणे-चालणे बंद करतात आणि या प्रसंगाचा दाखला देतात. या तिघांचा निर्णय अल्लाहच्या प्रेषितांनी (स.) दिला होता आणि त्याचा शेवट दिव्य प्रकटनाने झाला. मानापमानाच्या भांडणासाठी आपल्या भावाशी तीन दिवसांहून अधिक अबोला धरणे प्रेषितांनी (स.) निषिद्ध ठरवले आहे, आणि दोघांपैकी जो प्रथम सलाम करील तो श्रेष्ठ, असे सांगितले आहे (बुखारी, मुस्लिम). महाराष्ट्रात तर २०१६ च्या कायद्याने सामाजिक बहिष्कार हा गुन्हाही आहे. हजरत कअब (रजि.) यांची हकीकत आपल्या हातात दुसऱ्यासाठी काठी म्हणून नाही, स्वतःसाठी आरसा म्हणून दिली आहे.

भट्टीत गेलेले पत्र

याच दिवसांत मदीनेच्या बाजारात शामहून धान्य विकायला आलेला एक नबती शेतकरी कअब बिन मालिकचा पत्ता विचारीत होता. लोकांनी बोट दाखवले. त्याने एक पत्र दिले, ते गस्सानच्या राजाचे होते. आशय असा की तुझ्या साहेबाने तुला कठोरपणे वागवल्याचे ऐकले. अपमान सोसत राहावे असा तू माणूस नाहीस. आमच्याकडे ये, आम्ही तुझा मान ठेवू.

विचार करा. ज्याच्याशी स्वतःच्या गावात कोणी बोलत नाही, त्याला एक राजा नावाने बोलावतो आहे. महत्त्वाकांक्षा बहुधा अशाच वेळी दार ठोठावते. ती 'मोठा हो' असे म्हणत नाही. ती म्हणते, 'येथे तुझी किंमत कोणाला नाही.' हजरत कअब (रजि.) यांनी ते पत्र वाचले, हीसुद्धा एक परीक्षाच आहे हे ओळखले आणि पत्र भट्टीत टाकले. जवळ ठेवले नाही, कोणाला दाखवले नाही.

धर्मात महत्त्वाकांक्षा निषिद्ध नाही. सत्कर्मांत एकमेकांच्या पुढे जाण्याची आज्ञा कुरआनातच आहे (२:१४८). निषिद्ध आहे ती मानाची हाव. प्रेषितांनी (स.) तिची तुलना मेंढरांच्या कळपात सोडलेल्या भुकेल्या लांडग्यांशी केली आहे. असे दोन लांडगे कळपाचा जितका नाश करतील, त्याहून अधिक नाश संपत्तीची आणि मानमरातबाची हाव माणसाच्या धर्माचा करते, असा त्या हदीसचा आशय आहे (तिर्मिजी). ही हदीस आपल्यापर्यंत पोहोचवणारे सहाबी कोण? हेच हजरत कअब बिन मालिक (रजि.). तो लांडगा त्यांनी बाजारात, पत्राच्या रूपात पाहिला होता.

सल्अ डोंगरावरचा आवाज

चाळीस रात्रींनंतर पत्नीपासून दूर राहण्याचाही आदेश आला. त्यांनी पत्नीला तिच्या माहेरी पाठवले. पन्नासाव्या रात्रीनंतरची पहाट. फज्रची नमाज पढून ते घराच्या छपरावर बसले होते. सूरह तौबामध्ये या तिघांची जी अवस्था वर्णिली आहे, तीच तेव्हा त्यांची होती: एवढी विस्तीर्ण पृथ्वी त्यांना अपुरी पडू लागली, त्यांचे प्राणही त्यांना अवघड झाले, आणि अल्लाहपासून सुटण्यासाठी अल्लाहशिवाय दुसरा आसरा नाही, हे त्यांना उमजले (९:११८). इतक्यात सल्अ डोंगरावरून कोणीतरी मोठ्याने हाक दिली की कअब, आनंदाची वार्ता आहे! ते तिथेच सजद्यात गेले.

एक स्वार घोड्यावरून निघाला होता, पण डोंगरावरची हाक घोड्याच्या आधी पोहोचली. हाक देणारा आला, तेव्हा हजरत कअब (रजि.) यांनी अंगावरची दोन्ही वस्त्रे उतरवून त्याला दिली. त्या दिवशी त्यांच्याकडे दुसरी वस्त्रे नव्हती. मशिदीत जाण्यासाठी त्यांनी ती उसनी घेतली. दोन वस्त्रांनी याला अडवले, असे तबूकला कोणी म्हटले होते ना? त्याला कोणतेही प्रत्युत्तर न देता ते उत्तर दिले गेले.

मशिदीत शिरताच हजरत तलहा बिन उबैदुल्लाह (रजि.) उठले, लगबगीने पुढे आले आणि हात हातात घेऊन अभिनंदन केले. मुहाजिरांपैकी दुसरे कोणी उठले नाही, आणि तलहांचे ते उठणे आयुष्यभर विसरलो नाही, असे ते म्हणतात. प्रेषितांचा (स.) चेहरा आनंदाने चंद्राच्या तुकड्यासारखा उजळला होता. आईने जन्म दिल्यापासूनचा हा तुझा सर्वोत्तम दिवस आहे, अशी सुवार्ता त्यांनी दिली. हजरत कअब (रजि.) यांनी तेव्हा प्रतिज्ञा केली की खरेपणामुळे आपली सुटका झाली, म्हणून जिवंत असेपर्यंत खऱ्याशिवाय काही बोलणार नाही. पुढच्याच आयतीत श्रद्धावंतांना सत्यनिष्ठांच्या संगतीत राहण्याची आज्ञा आहे (९:११९). आणि ज्या शपथा त्या सकाळी मान्य झाल्या होत्या, त्या घेणाऱ्यांबद्दल अल्लाहची नाराजी त्याच सूरहमध्ये कायमची नोंदली गेली (९:९५-९६).

माझी सबब

आता माझ्याविषयी. ही गोष्ट लिहिण्यापूर्वी त्या कुटुंबाची परवानगी घेतली आहे आणि नावे गाळली आहेत. अल्लाहने झाकलेले दोष चव्हाट्यावर मांडू नयेत, हे मला ठाऊक आहे. पण जे खोटे मी लोकांसमोर बोललो, ते लोकांसमोरच दुरुस्त करणे मला भाग आहे.

आमच्या जमातीत एक वयोवृद्ध, एस.टी.तून निवृत्त झालेले वाहक होते. मी मशिदीत मराठीतून बयान सुरू केले, तेव्हा ते पहिल्या सफेत बसून ऐकत. जुम्यानंतर खिशातली चिठ्ठी काढून सांगत, 'मौलाना, आज हे दोन शब्द मागच्यांना कळले नाहीत.' मी मराठी घेऊन बी.ए. करावे, हा आग्रह त्यांचाच. प्रवेशाचा अर्ज भरायला ते माझ्याबरोबर आले होते. त्यांच्या धाकट्या भावाशी त्यांचे वडिलोपार्जित घराच्या भिंतीवरून बिनसले होते. अकरा वर्षे बोलणे नव्हते.

गेल्या एका रबीउल अव्वल महिन्यात तालुक्याच्या गावी सीरतवर मराठीतून व्याख्यान ठेवले होते. सर्व धर्मांचे लोक येणार होते, शिक्षक, वकील, अधिकारी येणार होते. फलकावर माझे नाव होते. विषय होता नाती जोडण्याचा, सिला-ए-रहमीचा. व्याख्यान बुधवारी होते. रविवारी त्या वृद्धांच्या मुलाचा फोन आला. अब्बा जिल्ह्याच्या रुग्णालयात आहेत, तुम्हाला बोलावतात. चाचांना सोबत घेऊन या म्हणतात, तुमचा शब्द ते मोडणार नाहीत. मी म्हणालो, 'उद्या येतो.' सोमवारी व्याख्यानाची टिपणे अपुरी होती. मंगळवारी मनासारखा आरंभ सुचत नव्हता. बुधवारी तर निघणे शक्यच नव्हते. व्याख्यान चांगले झाले. लोक उठून भेटायला आले. गुरुवारी पहाटे ते अल्लाहला प्रिय झाले.

जनाजाच्या वेळी मुलाने विचारले, 'मौलाना, आपण आला नाहीत?' चारचौघे उभे होते. मी म्हणालो, 'ताप होता.' तो म्हणाला, 'तब्येतीला जपा.' मग मीच पुढे उभा राहिलो आणि जनाजाची नमाज पढवली.

काही आठवड्यांनी मशिदीत हदीसच्या पाठात हजरत कअब (रजि.) यांचा प्रसंग आला. मला काहीही कारण नव्हते, या त्यांच्या उत्तरापर्यंत आलो आणि पुढे जाता येईना. पाठ तिथेच थांबवला. दुसऱ्या दिवशी त्या मुलाकडे गेलो आणि सांगितले की ताप नव्हता. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, 'दार वाजले की अब्बा विचारायचे, मौलाना आले का.' त्याने मला माफ केले, असे तो म्हणाला.

तिथून धाकट्या भावाकडे गेलो. त्यांनी सगळे ऐकून घेतले. म्हणाले, 'बुधवारी मी तुमच्या व्याख्यानाला आलो होतो. शेवटच्या रांगेत होतो. तिथे एक शब्द सांगितला असता, तरी रात्रीची गाडी होती.'

याला माझ्याकडे उत्तर नव्हते, आजही नाही. पुढच्या शुक्रवारी मशिदीतही मी खरे काय ते सांगितले. धाकट्या भावांनी मला अजून माफ केलेले नाही, आणि मी त्यांना घाई करीत नाही. माणसाच्या हक्कात केलेला अपराध त्या माणसाकडेच मिटवावा लागतो. इमामाला त्यातून सूट नाही. आमची भेट होते तेव्हा मी सलाम करतो. ते उत्तर देतात.

आपल्यासाठी बोध

पहिला बोध असा की कारण आणि सबब यांत भेद करावा. खऱ्या कारणाला इस्लाममध्ये पूर्ण मान आहे. आजारी, दुर्बल आणि ज्यांच्याकडे खर्चायला काही नाही, त्यांच्यावर दोष नाही, हे तबूकच्याच संदर्भात कुरआन सांगतो (९:९१). कारणामुळे मदीनेत राहिलेले काही लोक प्रत्येक दरी ओलांडताना आपल्यासोबतच होते, असेही प्रेषितांनी (स.) सांगितले (बुखारी). परीक्षा सोपी आहे. आपण जे लोकांना सांगतो, तेच शब्द नमाजच्या चटईवर अल्लाहला सांगता येतील का? येत असतील तर ते कारण. नसतील तर ती सबब.

दुसरा बोध वाणी लाभलेल्यांसाठी आहे. शिक्षक, वकील, लेखक, पुढारी आणि आम्ही इमाम, आपली सबब इतरांच्या सबबीपेक्षा अधिक सुबक असते. म्हणूनच ती अधिक घातक असते. आपल्या वाणीचा पहिला कस आपल्याविरुद्ध खरे बोलण्यात आहे.

तिसरा बोध समाजासाठी. घरात मूल जेव्हा सांगते की मी अभ्यास केला नाही, तेव्हा आपण त्याला रागावतो. डोके दुखत होते असे सांगते, तेव्हा गोळी आणि दूध देतो. मग ते काय शिकेल? खरे बोलणाऱ्याला त्याच्या चुकीची समज अवश्य द्यावी, परंतु त्याच्या परतीचे दार उघडे ठेवावे. त्याच्या मागे जाऊन 'एखादी सबब का सांगितली नाहीस' असे म्हणणारे पुष्कळ मिळतात. तो परत येईल तेव्हा उठून पुढे येणारा एखादा तलहा (रजि.) प्रत्येक जमातीत असावा.

आणि अखेरचा बोध: आज कोणी आपल्याला बोलावले असेल, आईने, रुग्णाने, रुसलेल्या भावाने, तर हा अंक मिटून ठेवावा आणि आधी तिकडे जावे.

हे अल्लाह, आमच्या जिभेला सत्याचे बळ दे, आमच्या मनातील मानाची हाव दूर कर, ज्यांचे हक्क आमच्याकडून राहून गेले त्यांच्यासमोर झुकण्याची ताकद दे, आणि आमच्या 'उद्या'ला आज करण्याची सद्बुद्धी दे. आमीन.